खाऱ्या हवेतला ज्यूकबॉक्स

१९५० च्या दशकात अमेरिकेत बनलेला एखादा ज्यूकबॉक्स अलिबागच्या पडवीत आणून ठेवला, त्याला मोठा ट्रान्सफॉर्मर जोडला आणि बटण दाबलं, तर गाणं वाजेल. पण काळी पाचमधलं गाणं पांढरी पाचमध्ये वाजेल. तीन मिनिटांचं गाणं संपायला तीन मिनिटं छत्तीस सेकंद लागतील. बाईचा आवाज घोगरा होईल, पुरुषाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा लागेल. तबकडी चांगली, सुई चांगली, यंत्र कारखान्यातून निघालं तसंच्या तसं. फरक आहे तो भिंतीतल्या विजेत.

अमेरिकेतली वीज ११७ व्होल्टच्या आसपासची आणि सेकंदाला ६० आवर्तनांची. आपली २३० व्होल्टची आणि ५० आवर्तनांची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, आवर्तनांना हात लावत नाही. तबकडी फिरवणारी मोटर मात्र आवर्तनांच्या तालावरच चालते. ६० ची सवय असलेल्या मोटरला ५० मिळाली की मिनिटाला ४५ फेरे घ्यायची तबकडी साडेसदतीसच घेते. सहाला पाच या प्रमाणाचा संगीतातला अर्थ अगदी नेमका आहे: षड्ज आणि कोमल गंधार यांच्यामध्ये तेवढंच अंतर असतं. म्हणून सूर बरोबर तेवढा खाली बसतो.

यावर उपाय जुना आहे. मोटरच्या दांड्यावर एक बारीकसा बुश चढवायचा, मूळ जाडीपेक्षा एक पंचमांशाने जाड. दांडा सावकाश फिरला तरी त्याचा घेर वाढल्यामुळे तबकडीला पुन्हा पुरता वेग मिळतो. परदेशी निर्यात होणाऱ्या यंत्रांसाठी कारखानेच असे भाग बनवत. आज तो रोह्याच्या किंवा महाडच्या एमआयडीसीतल्या चांगल्या लेथवाल्याकडून करून घेता येतो, पण हात सफाईदार हवा. पाच मिलिमीटरच्या दांड्यावर एक दशांश मिलिमीटरची चूक झाली, तर वेगात दोन टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे अर्ध्या सुराचा तिसरा हिस्सा. पेटी वाजवणाऱ्याच्या कानाला तो लगेच कळतो.

आता एक प्रश्न उभा राहतो. जुन्या वस्तूंच्या शौकिनांमध्ये दोन पक्ष असतात. एक म्हणतो, वस्तू कारखान्यातून निघाली त्या रूपात परत न्या. रंग तोच, तार तीच, स्क्रूसुद्धा त्याच काळातला. दुसरा म्हणतो, वस्तू आपल्या घरात आली आहे, तर आपल्या घराला साजेल अशी करा. मोटारी, घड्याळं, रेडिओ, सगळ्यांच्या बाबतीत हा वाद चालतो. ज्यूकबॉक्सच्या बाबतीत आणि खास करून कोकण किनाऱ्यावर मात्र पहिल्या पक्षाची अडचण सुरुवातीलाच होते. इथे यंत्र वाजवायचं असेल तर ते बदलावंच लागतं. उरतो तो प्रश्न एवढाच, की काय बदलायचं, किती बदलायचं आणि कुठे थांबायचं.

ज्यूकबॉक्स हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांनी फक्त ऐकलेलं असतं. हॉटेलात ठेवलेलं, नाणं टाकलं की आपण निवडलेली तबकडी वाजवणारं कपाट, अशी त्याची साधी व्याख्या करता येईल. त्याचा पूर्वज सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅले रॉयाल नावाच्या दारूगुत्त्यात लुई ग्लास याने २३ नोव्हेंबर १८८९ रोजी बसवला. ओकच्या लाकडाच्या पेटीत एडिसनचा फोनोग्राफ आणि त्याला चार नळ्या. पाच सेंटचं नाणं टाकायचं आणि नळी कानाला लावायची. चौघं चार नळ्यांना कान लावून एकच गाणं ऐकत. पहिल्या सहा महिन्यांत त्या पेटीने हजार डॉलरहून जास्त कमाई केली. पुढे व्हॉल्वचे अॅम्प्लिफायर आले, आवाज सगळ्या खोलीला पुरू लागला आणि वुर्लिट्झर, सीबर्ग, रॉक-ओला, ए.एम.आय. या अमेरिकी कंपन्यांची चढाओढ सुरू झाली.

ज्यूकबॉक्स म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते कमानीचं, रंगीत खांबांचं, बुडबुडे सोडणारं रूप वुर्लिट्झरच्या १०१५ या मॉडेलचं. पॉल फुलर या आरेखनकाराचं हे काम. युद्धाच्या काळात थांबलेलं उत्पादन पुन्हा सुरू झाल्यावर १९४६ मध्ये हे यंत्र आलं आणि छप्पन हजारांहून जास्त खपलं. आत ७८ फेऱ्यांच्या फक्त चोवीस तबकड्या, त्याही एकाच बाजूने वाजणाऱ्या. पण काचेतून दिसणारं दृश्य असं की माणसं गाणं ऐकण्याइतकीच ते पाहायला नाणं टाकत. चळतीतून एक ताट बाजूला सरकतं, खालून फिरतं चाक वर येतं, ताटातली तबकडी उचलून सुईपर्यंत नेतं, गाणं संपलं की तिला परत ठेवून खाली उतरतं.

सीबर्गने १९४८-४९ मध्ये वेगळाच मार्ग काढला. त्यांनी पन्नास तबकड्या ग्रंथालयातल्या पुस्तकांसारख्या उभ्या रचल्या आणि एक गाडा त्यांच्यासमोरून रुळावर धावता ठेवला. हवी ती तबकडी आली की गाडा थांबतो, तिला ओढून घेतो आणि उभ्यानेच, हव्या त्या बाजूने वाजवतो. पन्नास तबकड्या, शंभर बाजू. १९४९ मध्ये आरसीएने ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी बाजारात आणली आणि लगेच पुढच्या वर्षी सीबर्गचा एम१००बी हा तिच्यासाठी बनवलेला पहिला ज्यूकबॉक्स आला. आज ‘ज्यूकबॉक्सची रेकॉर्ड’ म्हणून ओळखली जाते ती हीच, मध्ये मोठं भोक असलेली.

आपल्याकडे ज्यूकबॉक्स आला तो प्रामुख्याने मुंबईत, इराण्यांच्या हॉटेलांत. कुलाब्याचं कॅफे मोंडेगार त्यातलं सर्वांच्या माहितीचं. १९३२ पासूनचं हे हॉटेल गेटवेपासून चालत काही मिनिटांवर आहे. त्याच्या भिंतींवर मारियो मिरांडांची चित्रं आहेत आणि तिथला ज्यूकबॉक्स मुंबईच्या कॉलेजवयीन पोरांच्या कित्येक पिढ्यांनी ऐकलेला आहे. त्या काळच्या आठवणी सांगणारी माणसं चार आण्यांच्या नाण्यापासूनच सुरुवात करतात. एक चहा, एक बनमस्का आणि एक गाणं असा तो हिशेब.

त्या चार आण्यांतही यंत्राचं एक रूपांतर लपलेलं आहे. अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं एकवीस मिलिमीटरहून थोडं मोठं, पाच ग्रॅमचं, तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाचं. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान पद्धत आली, तेव्हाचं पंचवीस नव्या पैशांचं नाणं १९ मिलिमीटरचं, अडीच ग्रॅमचं आणि शुद्ध निकेलचं. नाण्याच्या खाचेमागे जी चाळणी असते, ती नाण्याचा आकार आणि वजन पाहतेच, शिवाय एक चुंबकही बाळगते. लोखंडी चकती टाकून फुकट गाणं ऐकणारे पकडायला तो चुंबक. शुद्ध निकेल चुंबकाला चिकटतं. म्हणजे अमेरिकी चाळणीच्या लेखी आपलं खरं नाणं खोटंच ठरणार. वजनाचा काटा, खाचेची रुंदी, चुंबक, सगळं इथल्या नाण्यासाठी जुळवून घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पुढे ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचं नाणंच चलनातून गेलं. आज जो कोणी ‘मूळ अवस्थेतला’ भारतीय ज्यूकबॉक्स शोधायला निघेल, त्याने आधी ठरवावं, मूळ म्हणजे कुठल्या नाण्याचा?

गेटवेवरून लाँचने मांडव्याला यायला तासभर लागतो. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटही आहे, त्यामुळे दीडशे किलोंच्या वरचं असलं धूड टेम्पोत घालून थेट अलिबागला आणणं आता अवघड राहिलेलं नाही. फक्त एक काळजी घ्यावी लागते. तबकड्या हलवणारी यंत्रणा पेटीत स्प्रिंगांवर तरंगती असते. प्रवासापूर्वी ती बोल्टांनी आवळली नाही तर वडखळच्या रस्त्यावर असो की मांडव्याच्या, खड्डा तिचा निकाल लावतो.

खरी परीक्षा सुरू होते ती यंत्र घरात आल्यावर. रायगडच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उरलेल्या आठ महिन्यांत समुद्रावरून येणारा वारा मीठ आणत राहतो. नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूड, श्रीवर्धन इथल्या कुणालाही विचारा. खिडकीच्या बिजागऱ्या, पंख्याचे स्क्रू, गॅसच्या शेगडीचे पाय, काहीच सुटत नाही. मिशिगन सरोवराकाठी, शिकागोत जुळवलेल्या यंत्राने असा वारा कधी गृहीत धरलेला नव्हता.

सगळ्यात आधी जीव जातो तो आवाज उचलणाऱ्या भागाचा. जुन्या अनेक यंत्रांच्या पिकअपमध्ये सुईच्या मागे रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असतो. सुईच्या कंपनांनी तो दाबला गेला की त्यातून वीज निर्माण होते आणि तीच पुढे आवाज बनते. हा क्षार पाण्यात विरघळतो. दमट हवेत तो हळूहळू ओलावा पीत जातो आणि एक दिवस मुका होतो. मूळ अवस्थेचा आग्रह धरणाऱ्याने कुठूनतरी तसाच जुना, न वापरलेला स्फटिक मिळवला, तरी एखाद-दोन पावसाळ्यांत त्याची तीच गत व्हायची. त्याऐवजी चुंबकीय पिकअप बसवला, त्याच्यासाठी एक छोटा प्री-अॅम्प्लिफायर जोडला आणि सुईचा भार कमी केला, तर आवाज टिकतो आणि तबकडीही झिजत नाही. इथे बदल करणारा माणूस तबकडीवर उपकारच करत असतो.

त्यानंतर पाळी येते कंडेन्सरांची. मेण लावलेल्या कागदाचे जुने कंडेन्सर ओलाव्याने गळू लागतात, आणि गळका कंडेन्सर महागडा व्हॉल्व आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्ही जाळू शकतो. ते काढून नवे प्लास्टिक फिल्मचे लावण्याबद्दल शुद्धतावाद्यांचीही तक्रार नसते. काही हौशी तर जुन्या कंडेन्सरचं नळकांडं पोकळ करून नवा आत बसवतात, बाहेरून दिसायला जुनंच. व्हॉल्वचा अॅम्प्लिफायर ठेवायचा की काढायचा यावर मात्र मतं फाटतात. या लेखाचं मत ठेवण्याच्या बाजूने आहे. त्याच्या आवाजात एक भरीव, उबदार गोलाई असते, आणि शिवाय त्याच्या उष्णतेने पेटीची आतली बाजू पावसाळ्यात कोरडी राहते. रोज तासभर चालवलेलं यंत्र बंद ठेवलेल्या यंत्रापेक्षा जास्त टिकतं, हे कोकणातला कुठलाही जुना रेडिओ दुरुस्त करणारा सांगेल.

लाकडाची कथा निराळी. पेटीवर चिकटवलेला पातळ शोभेचा पापुद्रा सरसाने लावलेला असतो, सरस ओलाव्याने सुटतो आणि पापुद्रा फुगून उठतो. त्यावरचं लाखेचं पॉलिश दमट हवेत पांढरट पडतं. लाखेशी ज्यूकबॉक्सचं नातं तसं दुहेरी आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही लाखेच्याच असत आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारत होता. इथल्या झाडांवरच्या किड्यांनी बनवलेली लाख बोटीने परदेशी जायची आणि गाणं होऊन परत यायची. असो. किनाऱ्यावर राहणाऱ्या पेटीला लाखेऐवजी पाणी न शिरणारं पॉलिश, खालची फळी मरीन प्लायची आणि पायाखाली चार बोटांची उंची द्यावी. होड्या बांधणाऱ्या सुतारांना ही कामं नव्याने शिकवावी लागत नाहीत.

आणि ते बुडबुडे? त्या काचेच्या नळ्यांत मिथिलीन क्लोराइड नावाचा द्रव असतो. तो सुमारे चाळीस अंशांना उकळतो, म्हणून खालून जरा ऊब दिली की बुडबुडे सुरू होतात. हा द्रव विषारी आहे. नळी फुटली तर खिडक्या उघडून सगळ्यांनी, मुलांनी आधी, खोलीबाहेर जावं. नळ्या चांगल्या असतील तर ठेवाव्यात. फुटल्या असतील आणि घरात लहान मुलं असतील, तर रंगीत नळीत एलईडी दिवे फिरवून तसाच भास निर्माण करणं जास्त शहाणपणाचं.

इथपर्यंतचे बदल हवेने लादलेले. पुढचे बदल मालकाच्या आवडीचे, आणि खरी मजा तिथे आहे.

ज्यूकबॉक्स वाजवायचा तर त्यात काय भरायचं? आपल्याकडच्या सात इंची तबकड्यांचं मोठं भांडार हिंदी-मराठी गाण्यांच्या ईपींचं. त्यातल्या ज्यांचं मधलं भोक लहान आहे, त्या ज्यूकबॉक्सच्या जाड खुंट्यावर बसत नाहीत. भोक दीड इंचाचं करून घ्यावं लागतं आणि ते अगदी मध्यावर पडावं लागतं. केसभर सरकलं तर प्रत्येक फेऱ्याला सूर डगमगतो. शिवाय ईपीच्या एका बाजूला बहुधा दोन गाणी असतात. अमेरिकी यंत्र एक बाजू म्हणजे एक गाणं असं समजतं आणि बाजू संपेपर्यंत थांबत नाही. म्हणजे एका बटणाला दोन गाणी. तबकडी कापणं हा परत न फिरणारा बदल आहे, म्हणून दुर्मीळ तबकडी कधीच कापू नये. ज्या तबकडीच्या आणखी प्रती सहज मिळतात तीच घ्यावी.

किनाऱ्यावरच्या यंत्रात कोळीगीतं नसतील तर ते यंत्र इथलं झालं असं म्हणता येणार नाही. शांता शेळक्यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिलेली आणि लताबाई व हेमंतकुमारांनी गायलेली कोळीगीतं घराघरांत पोहोचली. शाहीर विठ्ठल उमपांच्या आवाजातली कोळीगीतंही तशीच. मूळ कारखान्याने गाण्यांच्या नावांसाठी छोट्या कागदी पट्ट्या दिलेल्या असतात, वर एक गाणं, खाली दुसरं, मध्ये गायकाचं नाव. त्या पट्ट्या देवनागरीत, बोरूने किंवा चांगल्या टाकाने लिहून घ्याव्यात. यंत्राला स्क्रू-ड्रायव्हर न लावता होणारा हा सगळ्यात स्वस्त बदल, आणि नजर सगळ्यात आधी जाते तीही त्याच्याकडेच.

ज्यांच्याकडे तबकड्याच नाहीत त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग गेल्या काही वर्षांत जगभर लोकप्रिय झाला आहे. मोठ्या हॉटेलांत प्रत्येक टेबलाजवळ भिंतीवर ज्यूकबॉक्सचा एक छोटा डबा असे. गिऱ्हाईक उठून न जाता तिथेच नाणं टाकी, एक अक्षर आणि एक आकडा दाबी, आणि कोपऱ्यातलं मोठं यंत्र ते गाणं वाजवी. सीबर्गचा ‘वॉल-ओ-मॅटिक १००’ हा असा डबा, दहा अक्षरं आणि दहा आकड्यांचा. बटणं दाबली की आत एक दांडी गोल फिरते आणि निवडीप्रमाणे ठरावीक ठोके तारेवरून पाठवते, पूर्वीच्या तारायंत्रासारखे. आज हौशी लोक त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक जोडतात. तो ठोके मोजतो, कुठलं गाणं ते ओळखतो आणि डिजिटल स्वरूपात वाजवतो. डब्यातला एकही मूळ भाग काढावा लागत नाही. पडवीत चहा पिताना भिंतीवरचं बटण दाबून गाणं मागवण्याचा आनंद पूर्ण मिळतो, आणि दीडशे किलोंचं यंत्र बाळगावं लागत नाही. रायगडच्या दमट हवेचा विचार केला तर नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी.

रूपांतराला नाकं मुरडणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. खुद्द कंपन्यांनीच हे केलेलं आहे. वुर्लिट्झरच्या जर्मन शाखेने १९८६ मध्ये १०१५ चं रूप पुन्हा बाजारात आणलं, तीच कमान आणि तेच बुडबुडे, पण आत ४५ फेऱ्यांच्या तबकड्या. पुढे त्याच कमानीत सीडी आल्या. रॉक-ओलाच्या नावानेही कमानीचे ज्यूकबॉक्स आजवर बनत आले आहेत, काहींच्या पोटात तबकडीऐवजी डिजिटल गाणी. म्हणजे काय मूळ आणि काय बदललेलं, याची रेघ कारखान्यातच पुसट झाली.

तरीही एक रेघ आहे, आणि ती ठळकच ठेवायला हवी. मुंबईच्या चोर बाजारात, आणि आता कोकणातल्या कित्येक रिसॉर्टांच्या स्वागतकक्षांत, चकचकीत पितळी भोंग्याचा ग्रामोफोन दिसतो. त्यातले बरेच ग्रामोफोन पुरातन म्हणून विकले जात असले तरी भोंगा नवा, पेटी नवी, आणि मोटर कुठल्यातरी जुन्या सूटकेसवजा ग्रामोफोनातून काढलेली असते. जगभरचे संग्राहक या भारतीय जोडकामाला ओळखून असतात. यात जुना चांगला ग्रामोफोन मोडला जातो आणि नव्याला खोटं वय चिकटवलं जातं. याउलट २०१७ मध्ये सारेगामाने आणलेला ‘कारवाँ’ पाहा. रूप जुन्या रेडिओचं, आत पाच हजार गाणी, पण आपण नवे आहोत हे तो लपवत नाही. बदललेल्या ज्यूकबॉक्सनेही असंच वागावं. चुंबकीय पिकअप लावला, एलईडी लावले, अलिबागला रंग दिला, तर विकताना तसं सांगावं. १९५० चं अस्सल यंत्र म्हणून खपवलेला बदललेला ज्यूकबॉक्स ही फसवणूक आहे.

रायगड जिल्ह्यात रूपांतराचं एक मोठं उदाहरण देवळात टांगलेलं आहे. पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळातली युरोपीय बनावटीची घंटा चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर आणली असं सांगितलं जातं. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि पोर्तुगीज चर्चच्या घंटा महाराष्ट्रात ठिकठिकाणी देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला त्या आजही आहेत. पोर्तुगीज कारागिराने ओतलेला धातू तोच, नाद तोच. जागा बदलली, वाजवणारे हात बदलले. त्या घंटा एखाद्या संग्रहालयात मूळ चर्चच्या देखाव्यासह मांडल्या असत्या तर त्यांची माहिती कदाचित जास्त मिळाली असती, पण रोज पहाटे त्या वाजल्या नसत्या. हार्मोनियमचंही तेच. पायांनी भाता मारायचं युरोपचं वाद्य कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवण्याजोगं केलं. त्या बदलाशिवाय गावोगावचं भजन आज कसं ऐकू आलं असतं, याची कल्पनाही करवत नाही.

शुद्धतावाद्यांच्या बाजूचंही खरं आहे, आणि ते बिनतक्रार मान्य करावं. काही यंत्रांना हात लावायचाच नसतो. वुर्लिट्झरचं १९४१ चं ८५० हे मोराच्या चित्राचं मॉडेल, किंवा एखाद्या इराणी हॉटेलातला, इथल्या नाण्यासाठी त्याच काळी बदललेला, कागदपत्रांसह टिकलेला ज्यूकबॉक्स. अशा यंत्राचा प्रत्येक ओरखडा हा पुरावा असतो. त्याची जागा खारा वारा न येणाऱ्या, कोरड्या खोलीत. रूपांतर करायचं ते आधीच अर्धं मोडलेल्या, भाग हरवलेल्या, हजारोंनी बनलेल्या यंत्राचं. आणि तेही असं, की उद्या कुणाला मागे जावंसं वाटलं तर जाता यावं. पेटीला नवं भोक पाडण्याआधी, तेच काम जुन्या भोकातून तार नेऊन होतं का हे पाहणारा कारागीर मिळाला, तर त्याला दोन पैसे जास्त द्यावेत.

रिसॉर्टात किंवा खानावळीत यंत्र ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. स्वतःची तबकडी असली तरी गिऱ्हाइकांसमोर गाणं वाजवणं हे कायद्याने सार्वजनिक वादन ठरतं आणि त्यासाठी हक्कधारकांच्या संस्थांचा परवाना लागतो. घरच्या पडवीत, घरच्या माणसांसाठी तो लागत नाही.

बदल कसा करावा याचा उत्तम धडा अलिबागमध्येच, समुद्राजवळच्या एका आवारात मिळतो. मुंबईच्या कुलाब्याला १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्यांच्या प्रवाहाने नाजूक चुंबकसूच्या बिथरणार हे दिसू लागलं. तेव्हा नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली वेधशाळा अलिबागला आली, एका कुलाब्यातून दुसऱ्या कुलाब्यात, कारण रायगड जिल्ह्याचं नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होतं. इमारतीत लोखंड टाळलं गेलं. पण १९०४ मध्ये अलिबागला काम सुरू झाल्यावर कुलाबा लगेच बंद केला नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी केली आणि दोहोंमधला फरक नोंदवला. त्यामुळे जागा बदलूनही नोंदींची माळ तुटली नाही. आज भारतीय भूचुंबकत्व संस्था तीच पुढे चालवते.

ज्यूकबॉक्सच्या मालकाला दोन वर्षं थांबायची गरज नाही, पण एक वही मात्र हवी. पिकअप बदलण्याआधी जुन्याने वाजवलेल्या एका गाण्याचं फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवावं आणि नव्याने तेच गाणं पुन्हा. बुश बसवण्याआधी दांड्याची जाडी सूक्ष्ममापकाने मोजून लिहावी. काढलेला स्फटिक, नाण्याची चाळणी, जुन्या बल्बचे होल्डर हे सगळं सिलिका जेलच्या पुड्यांसह पत्र्याच्या नव्हे, प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालावं, कारण पत्र्याचा डबा तीन पावसाळ्यांत भोकं पडून रिकामा होईल. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूडपासून अलिबागपर्यंत छपरं उडाली आणि कपाटातले कागद लगद्यासारखे झाले. म्हणून वहीचे फोटो काढून मुंबईतल्या एखाद्या नातेवाइकाकडेही पाठवून ठेवावेत. आणि पेटीच्या मागच्या फळीला, आतल्या बाजूने, लॅमिनेट केलेली एक चिठ्ठी स्क्रूने बसवावी, पूर्वीपासून असलेल्याच भोकात: कुठल्या तारखेला काय बदललं, कुणी बदललं, बुशची जाडी किती, जुने भाग घरात कुठे ठेवले आहेत.